एजन्सीचे १५ टक्के येतात कुठून?

प्रश्न : तासगावात आमचं बेदाणा पॅकिंगचं छोटं युनिट आहे. सांगलीतली एक जाहिरात एजन्सी म्हणते, 'वेगळी फी नको, पेपर आम्हाला १५ टक्के देतो. शिवाय बातमीही लावून देऊ.' पैसे पेपरकडून घेणारी एजन्सी आमचं हित कसं बघणार? ही पद्धत आली कुठून?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : पद्धत अमेरिकेतली, आणि तुमची शंकाही तितकीच जुनी. १८४० च्या दशकात फिलाडेल्फियात व्होल्नी पामर पेपरांसाठी जाहिराती गोळा करत. ते पेपरचे एजंट होते, कमिशन २५ टक्के. पुढे १८६५ पासून जॉर्ज रोवेल यांनी पेपरातली जागा घाऊक घेऊन किरकोळीत विकायला सुरुवात केली. अशा धंद्यात दलालाला जिथे जास्त सुटतं तो पेपर गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडतो. त्या पेपरचा वाचक तुमचा माल घेईल का, हे कुणी बघत नाही.

याला वळण दिलं एन. डब्ल्यू. आयर अँड सन या एजन्सीने. १८६९ मध्ये फ्रान्सिस आयर यांनी एकविसाव्या वर्षी ती फिलाडेल्फियात काढली आणि नाव वडिलांचं दिलं. १८७६ च्या सुमारास त्यांनी गुलाबाची रोपं विकणाऱ्या एका कंपनीशी खुला करार केला : पेपरला प्रत्यक्ष किती दिले ते गिऱ्हाइकाला दाखवायचं आणि त्यावर ठरलेलं कमिशन घ्यायचं. आधी साडेबारा टक्के, नंतर १५. आकडा जगभर रुळला. हिशेब उघडा ठेवण्याची अट मात्र बऱ्याच ठिकाणी गळून पडली, आणि आमच्या मते खरी किंमत तिचीच होती.

तुमचा हिशेब असा मांडा. समजा दर चौरस सेंटिमीटरला १५० रुपये आणि जाहिरात ८ बाय १० सेंटिमीटर. बिल १२,००० रुपये, एजन्सीचे १,८००, पेपरला १०,२००. जागा वाढली की कमिशन वाढतं, म्हणून मोठ्या आकाराचा किंवा सगळ्या आवृत्त्यांचा आग्रह होतो. तुमचे घेणारे सांगली-कोल्हापूर पट्ट्यातले असतील तर तेवढ्याच आवृत्त्या घ्या. पेपरचं छापील दरपत्रक मागा. 'दोनवर एक मोफत' अशी स्कीम असेल तर ती तुमच्या बिलात उतरली पाहिजे. रिलीज ऑर्डरची, म्हणजे जाहिरात छापण्यासाठी एजन्सी पेपरला देते त्या लेखी ऑर्डरची, प्रत घ्या; तीत तारीख, आवृत्ती, पान, आकार आणि दर हवेतच. छापून आल्यावर त्या दिवसाचा अंक ताब्यात घ्या, आकार पट्टीने मोजा आणि मगच बिल चुकतं करा.

आता बातमीचं. जनसंपर्काच्या धंद्याची घडी बसवणाऱ्यांतले एक आयव्ही ली. १९०६ मध्ये त्यांनी संपादकांना लिहून कळवलं होतं : आमचा मजकूर जाहिरात खात्याकडे जायला हवा असं वाटत असेल, तर तो वापरूच नका. बातमीची जागा विकत मिळत नाही. ती छापायची की नाही हे संपादक ठरवतो. म्हणून 'लावून देऊ' या शब्दाचे पैसे मोजू नका. प्रसिद्धीपत्रक लिहून देण्याची फी वेगळी ठरवा. पत्रक एका पानात बसवा : काय, कुठे, कधी, किती टन, चौकशीसाठी फोन आणि खाली माहितीच्या ओळी लिहिलेला एक फोटो. 'सर्वोत्कृष्ट', 'एकमेव' हे शब्द काढून टाका. ते दिसले की उपसंपादक पत्रक जाहिरात विभागाकडे सरकवतो.