सरपंचांविरुद्ध अर्ज टाकण्याआधी

प्रिय मित्रा,

सरपंचांनी गायरानात घर वाढवलं म्हणून तू तहसीलसमोर उपोषणाला बसणार, असं कळलं. तुझा संताप रास्त आहे, पण उपोषण थांबव. तहसीलदार चौकशीचं पत्र हातात देतील आणि तू उठशील. सरपंचाला पदावरून काढण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाहीच.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधलं कलम १४ शांतपणे वाच. सरकारी जागेवर अतिक्रमण, पंचायतीच्या ठेक्यात हितसंबंध, थकवलेली घरपट्टी, ही सगळी अपात्रतेची कारणं त्यात आहेत. त्यासाठी कलम १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं. पंचायतीच्या बिलांत गफलत असेल तर ती गैरवर्तणूक. तिचा रस्ता कलम ३९ चा, विभागीय आयुक्तांकडे जाणारा. दोन्ही तक्रारी एकाच अर्जात कोंबू नकोस, दोन्ही रेंगाळतील.

आधी कागद गोळा कर. माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, एकाच विषयावर, दीडशे शब्दांच्या आत अर्ज कर. घराचा नमुना ८ चा, म्हणजे पंचायतीच्या कर आकारणी नोंदीचा उतारा आणि ग्रामसभेचं इतिवृत्त माग. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील कर. गायरानाचा सातबारा आणि भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा मात्र हवाच. हद्द मोजलेली नसेल तर 'अतिक्रमण आहे' हे फक्त तुझं म्हणणं ठरतं.

घर सासऱ्यांच्या नावावर आहे, माझ्या नाही, असं सरपंच म्हणतील. जानाबाई प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बंद केली: कुटुंबाने अतिक्रमण केलं आणि सदस्य त्याच घरात राहत असेल, तर अपात्रता लागते.

पण जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याचंही वाच. तिथल्या महिला सरपंचाला याच कारणावरून काढलं होतं. आपण त्या घरात राहतच नाही, असं ती सांगत होती आणि कार्यालयांनी ते नीट तपासलं नाही. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला पद परत दिलं. बाई सरपंच झाली हे पचत नाही म्हणून कलमं शोधणारे लोक गावोगाव आहेत. मला त्यांची मनापासून चीड येते. तुझ्या अर्जावर सही करायला कोण पुढे येतंय, ते पाहा. निवडणुकीत हरलेलेच तेवढे असतील, तर एकट्याच्या सहीने टाक.

अर्ज आवक-जावक विभागात देऊन शिक्क्यासह पोच घे. कच्चा मसुदा आधी मला पाठव, मी कलमं तपासून देतो.

तुझा,
काका