चालत खेळायचे गोल्फ

प्रश्न : अमेरिकेतील बँडन ड्यून्स या महागड्या गोल्फ रिसॉर्टमध्ये मैदानावर फिरायला गाडी न देता पायीच खेळायला लावतात, असे मुलाने कळवले. मग लोक तिथे का जातात?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ओरेगनच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील हे मैदान १९९९ मध्ये खुले झाले. स्कॉटिश रचनाकार डेव्हिड मॅक्ले किड यांनी वाळूच्या टेकड्या सपाट न करता त्यांच्या चढउतारांतूनच खेळाची वाट काढली आणि फेस्क्यू हे बारीक पात्यांचे गवत राखले, त्यामुळे जमीन टणक राहते व चेंडू हवेतून नेण्याऐवजी घरंगळत नेण्याचाही पर्याय उरतो. वारा फिरला की सकाळचा सोपा फटका दुपारी अवघड होतो. खरे आकर्षण हेच, असे मला वाटते. सामान वाहायला कॅडी मिळतो, आणि अपंग खेळाडूंना गाडीची सवलत असते.