डी-डायमर वाढले म्हणजे गुठळी झालीच का?

प्रश्न : माझ्या ७२ वर्षांच्या आईचा एक पाय सुजला असून रक्ततपासणीत डी-डायमर ६५० आले आहे. शिरेत गुठळी झाली असे समजावे का?

उत्तर : एवढ्यावरून तसे समजू नये. गोठलेल्या रक्तातील फायब्रिन या प्रथिनाचे जाळे शरीर विरघळवू लागले की त्याचे जे तुकडे रक्तात उतरतात, ते डी-डायमर. परंतु जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया, कर्करोग, इतकेच काय, नुसत्या वाढत्या वयानेही त्यांचे प्रमाण वाढते. म्हणून ही चाचणी गुठळी सिद्ध करण्यापेक्षा, मुळात शक्यता कमी असलेल्या रुग्णात ती नाकारण्यासाठीच अधिक उपयोगी ठरते. एफईयू (फायब्रिनोजेन-समतुल्य) या मोजणीच्या एककात नेहमीची मर्यादा ५०० नॅनोग्रॅम प्रतिमिलिलिटर असली, तरी पन्नाशीनंतर वयाच्या दहापट आकडा, म्हणजे आईंसाठी ७२०, धरता येतो. तरीही एकाच पायाला सूज असताना केवळ आकड्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते; डॉक्टरांनी पाय तपासून डॉपलर सोनोग्राफीचा (शिरांतील रक्तप्रवाह दाखवणाऱ्या तपासणीचा) निर्णय आजच घ्यावा, आणि धाप लागल्यास किंवा छातीत दुखल्यास आईंना तत्काळ रुग्णालयात न्यावे.