पाठ केलेलं बालपण

मावशी,
मी ५२ वर्षांची. माहेर बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं, लग्नानंतर पुण्यात. नवऱ्याच्या आणि नणंदेच्या शाळेच्या गटाने ऑनलाइन क्विझ लीग काढली आहे, नवरा-बायकोंनाही घेतात. विषय सगळे जुने: दूरदर्शन, जाहिराती, सिनेमे, गाणी. रोज सहा प्रश्न, रोज समोर एक भिडू. पहिल्या हंगामात मी तळाला होते. ते मुंबई दूरदर्शनवरच्या ‘किलबिल’, ‘संताकुकडी’, ‘गजरा’ या कार्यक्रमांची नावं घेत हरखून जायचे आणि मी गप्प. आमच्याकडे टीव्ही आला १९९१ मध्ये. मग मी इरेला पेटले. रात्री जुने लेख वाचले, व्हिडिओ पाहिले, वह्या भरल्या. या हंगामात दुसरी आहे! पण उत्तर बरोबर आलं की कुणीतरी विचारतंच, “तू कुठे बघायचीस गं?” एकदा बोलून गेले, “आमच्या अप्पांनी ८१ सालीच टीव्ही घेतला होता.” मग त्याला जोडून आणखी काही. परवा तर मी, स्मिता पाटील बातम्या द्यायची ते आठवतं, असंही म्हणाले. आता दिवाळीनंतरच्या मेळाव्यात नणंदेने माझं नाव घातलंय: ‘आमच्या घरातला पहिला टीव्ही’, पाच मिनिटं. मुलगी म्हणते, आई, ही चीटिंग आहे. नवरा म्हणतो, कुणाला काय पडलंय. लीग सोडून देऊ का?
— नकली पुणेकर

बाई गं नकली पुणेकर,

आधी तुझ्या लेकीचं म्हणणं निकालात काढू. पाठ करणं ही चीटिंग नाही. क्विझ खेळणारे सगळे हेच करतात. कुणी याद्या घोकतं, कुणी कात्रणं जमवतं, आणि कुणी मला उपजतच येतं असं भासवतं (हे सगळ्यात जास्त घोकतात). प्रश्न उघडल्यावर फोनमध्ये डोकावलीस तर ती लबाडी. प्रश्न यायच्या आधी रात्र जागवलीस तर तो अभ्यास. अमेरिकेत लर्नेड लीग नावाची अशीच एक स्पर्धा १९९७ पासून चालू आहे. तिथे २५ दिवसांचा हंगाम, रोज सहा प्रश्न आणि सगळा कारभार विश्वासावर. उत्तर शोधायचं नाही, एवढंच बंधन. आधी काय वाचलंत, कधी वाचलंत, हे कुणी विचारत नाही.

तुमच्या लीगचे नियम तू पत्राच्या मागे लिहिलेस ते वाचले. ते त्याच स्पर्धेवरून घेतलेले दिसतात. समोरच्याच्या सहा प्रश्नांना ०, १, १, २, २, ३ असे गुण आपण वाटायचे. त्याला हमखास येईल तिथे शून्य, येणारच नाही तिथे तीन. खेळातला खरा खमंगपणा यातच आहे, कारण आपण भिडूला किती ओळखतो हे त्यात उघडं पडतं. नणंदेने तुला ‘संताकुकडी’च्या प्रश्नाला तीन दिले होते ना? म्हणजे तिचा हिशेब साधा होता: ही गावाकडची, हिला कुठून येणार! आणि तू ते तीन घेऊन गेलीस. मी तुझ्या जागी असते तर चार दिवस हवेत असते. तुला मात्र त्यानंतर आपण उघडे पडू अशी धास्ती वाटली, आणि त्या धास्तीतून अप्पांचा टीव्ही आला.

थोडं तांत्रिक बोलते, कारण तुला अजून वाटतंय की कमी तुझ्या घरात होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुण्याला ते १९७३ पासून दिसायला लागलं, सिंहगडावरच्या मनोऱ्याच्या कृपेने. नागपूरला केंद्र झालं १९८२ मध्ये. तालुक्याच्या गावांकडे टीव्ही पोचला तो साधारण १९८४ पासून, देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं धडाधड उभी राहिली तेव्हा. ती इन्सॅट उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम घ्यायची. म्हणजे सुरुवातीच्या त्या वर्षांत तुमच्या गावात कुणी सावकाराने टीव्ही आणला असता, तरी त्याला मुंबईचा ‘गजरा’ दिसला नसता, ‘हम लोग’ दिसली असती. आणि ८१ साली बीड जिल्ह्यात अप्पांनी खरोखर टीव्ही घेतला असता, तर त्यावर मुंग्या पाहिल्या असत्यात नुसत्या. तुझ्या थापेत ही एवढी मोठी फट आहे. गटात एखादा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला असता तर पहिल्याच दिवशी पकडली गेली असतीस.

आता स्मिता पाटील. हा प्रसंग वाचून मी मोठ्याने हसले, रागावू नकोस. ती मराठी बातम्या द्यायची ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. तू ५२ वर्षांची, म्हणजे तेव्हा पाळण्यात. ही थाप पुण्यात जन्मली असतीस तरी पचली नसती. पण तुझं वाक्य ऐकून नणंद काय म्हणाली, ते तूच लिहिलंयस: “हो ना, जीन्सवर साडी नेसायची!” नणंद तुझ्याहून फक्त एका वर्षाने मोठी. शिवाय बातम्या देणारी बाई टेबलामागे बसलेली असते. साडीखाली जीन्स आहे हे पडद्यावर कुणालाही दिसलेलं नाही, तो किस्सा सगळ्यांनी पुढे वाचला किंवा ऐकला. नणंद खोटं बोलत नव्हती. तिला ते आठवतंय असं मनापासून वाटतं. त्या गटातल्या आठवणींपैकी निम्म्या अशाच असणार, कुठल्यातरी पुरवणीतल्या, कुठल्यातरी फॉरवर्डमधल्या, मोठ्या भावाने सांगितलेल्या. फरक इतकाच की त्यांना कुणी “तू कुठे बघायचीस गं?” असं विचारत नाही.

तेव्हा गुणांच्या बाबतीत तू निर्दोष आहेस. माझी तक्रार दुसरीकडेच आहे.

पत्राच्या शेवटी ताजा कलम म्हणून तू एक ओळ टाकली आहेस, घाईत लिहिल्यासारखी: अप्पा एसटीत कंडक्टर होते, मुक्कामाची गाडी करून आले की स्टँडवरच्या स्टॉलवरून ‘चांदोबा’ आणायचे, आणि तुम्ही भावंडं विक्रम-वेताळाचं पान कुणी आधी उघडायचं यावरून भांडायचात. हा माणूस तू गटातून हद्दपार केलास आणि त्याच्या जागी ८१ साली टीव्ही विकत घेणारा कुणी सुखवस्तू गृहस्थ आणून बसवलास. हे मला टोचलं. लीगच्या तक्त्यात याचा गुण कापला जात नाही, पण पाच मिनिटं उभं राहून त्या परक्या बापाचं कौतुक करायची वेळ तुझ्यावर येऊन ठेपली आहे, आणि तुझी झोप त्यामुळेच उडाली आहे. वह्यांमुळे नाही.

मग करायचं काय? सगळ्या गटापुढे कबुलीजबाब वगैरे अजिबात नको. लोकांना अवघडायला होतं, आणि उगीच तुझी कीव करतील ते वेगळंच. एकट्या नणंदेला सांग. “ताई, टीव्हीचं मी तेव्हा ठोकून दिलं होतं. आमच्याकडे ९१ ला आला. मला विषय बदलून द्या,” एवढंच. कारणं देत बसू नकोस. ती हसेल किंवा थोडी फुगेल, दोन्ही चालेल. बाकीच्यांपर्यंत ते आपोआप जाईल, नणंदा याच कामासाठी असतात.

नवरा काय म्हणतो ते सोड. त्याला पहिल्या दिवसापासून खरं ठाऊक होतं आणि तो मजा बघत बसला. त्याच्याशी माझं वेगळं भांडण आहे.

आणि नवा विषय काय मागशील? मला विचारशील तर, ‘टीव्ही नसलेल्यांनी रामायण कसं पाहिलं’. ती मालिका २५ जानेवारी १९८७ ला सुरू झाली, तेव्हा तू आठवी-नववीत असशील. तू लिहिलंयस की शाळेच्या हेडमास्तरांच्या ओसरीवर सगळी आळी जमायची, चपलांचा ढीग पडायचा, आणि वीज गेली की पाटलांच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचे. कोण आणायचं? वायर कुठून आत घ्यायचे? बॅटरी उतरत आली की चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं, ते तुला आठवतं का? पौड रोडवर वाढलेल्या माणसाला हे ठाऊक नाही, आणि कुठल्या यादीत पाठ करायलाही मिळणार नाही. छतावर अँटेना फिरवणारा ओरडायचा “आलं का?” आणि खालून उत्तर यायचं “होतं तसंच ठेव!” हे मात्र पुण्यातही चालायचं, तिथे सगळे हसतील.

प्रश्न काढायची पाळी पुढच्या हंगामात तुझ्याकडे येणार आहे, म्हणतेस. तेव्हा मुळीच भिडस्तपणा करू नकोस. ‘नॉस्टॅल्जिया’ म्हणजे मुंबई-पुण्याचा दिवाणखाना, ही त्या गटाची समजूत तुझ्या सहा प्रश्नांनी जरा हलू दे. ‘बिनाका गीतमाला’ १९५२ पासून रेडिओ सिलोनवर होती, ती विविध भारतीवर कधी आली? (१९८९.) ‘चांदोबा’ मराठीत कधीपासून निघू लागला? (तोही १९५२ मध्येच, आणि छापला जायचा मद्रासला.) विक्रम-वेताळाचं ते चित्र, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार, कुणी काढलं? शंकर या नावाने काढणाऱ्या के. सी. शिवशंकरन यांनी. दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ कुठल्या वर्षीचा? १९७१. यात्रेतल्या तंबू टॉकीजवर एखादा प्रश्न टाक, तिथे बायकांची बाजू आणि पुरुषांची बाजू कशी वेगळी असायची. भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभरात तीन सिनेमे बघायचे, त्यावर एक.

पण सगळे सहा असे घालू नकोस. एक तरी असा घाल की त्यांना आणि तुला, दोघांनाही प्रत्यक्ष आठवत असेल. मला सुचतो तो सकाळचा: सात वाजून पाच मिनिटांनी पुणे आकाशवाणीवरून प्रादेशिक बातम्या लागायच्या, आणि सुधा नरवणे यांचा आवाज तुमच्या गावातल्या चहाच्या टपरीवर आणि नणंदेच्या स्वयंपाकघरात एकाच वेळी वाजायचा. त्या प्रश्नावर कुणी कुणाला तीन गुण देऊ शकणार नाही.

राहिला शेवटचा सवाल, लीग सोडू का. का म्हणून? दुसऱ्या नंबरवर असताना कुणी मैदान सोडतं का? वह्या चालू ठेव. जाहिरातींच्या प्रश्नांत अजून कच्ची आहेस असं तूच म्हणतेस, तिथे मेहनत घे. आणि कुणी पुन्हा “तू कुठे बघायचीस गं?” विचारलं तर सरळ सांग, “बघितलं नाही, वाचलं.” एकदा म्हणून बघ, किती हलकं वाटतं ते. पुढचा भिडू तुला कुठल्या प्रश्नाला किती गुण द्यायचे या विचाराने गोंधळेल, तो फायदा वेगळाच.

नणंदेला फोन मात्र मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात कर, आदल्या रात्री नको. तिला पत्रिका छापायची असते, असं तू लिहिलंयस.

— मावशी