डाउनलोड नेमके कुठे अडते?

फाइल डाउनलोड होत नसल्याची पत्रे वरचेवर येतात. त्यांपैकी बहुतेक वाचकांनी तेच बटण दहा-दहा वेळा दाबून पाहिलेले असते. डाउनलोड कोणत्या टप्प्यावर थांबले हे ज्यांनी कळवले, त्यांना नेमके उत्तर देता येते. अशी चार पत्रे या अंकासाठी निवडली आहेत.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या चित्रीकरणाची लिंक छायाचित्रकाराने पाठवली आहे. फाइल ६.२ जीबीची आहे आणि माझा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह जवळजवळ रिकामा आहे. क्रोममधून थेट पेनड्राइव्हवर डाउनलोड लावले की दर वेळी ४ जीबीच्या आसपास ते बंद पडते. सलग तीन रात्री हेच घडले. इंटरनेट पुरवणारे म्हणतात, जोडणी ठीक आहे. — एक शिक्षिका, सांगली

उत्तर : ते बरोबर सांगत आहेत. दोष जोडणीचा असता, तर डाउनलोड कधी ८०० एमबीवर, कधी ३ जीबीवर, असे वाटेल तिथे तुटले असते. ज्या अर्थी ते दर वेळी एकाच ठिकाणी थांबते, त्या अर्थी फाइल व्यवस्थित येत आहे, पण जिथे ती ठेवायची ती जागाच तिला नाकारत आहे. ३२ जीबीपर्यंतचे पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करूनच विकले जातात. १९९६ साली विंडोज ९५च्या सुधारित आवृत्तीबरोबर आलेल्या या पद्धतीत फाइलचा आकार नोंदवायला ३२ बिट एवढीच जागा ठेवलेली आहे. त्यामुळे एका फाइलची मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ बाइट, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी, अशी ठरून गेली. पेनड्राइव्ह कितीही मोकळा असला तरी त्याहून मोठी एकसंध फाइल त्यावर बसत नाही. तेव्हा चार हजार एमबीची फाइल विनातक्रार उतरणे आणि त्यापुढे लगेच अडणे, यात अनाकलनीय काही नाही.

खात्री करून घ्यायची असल्यास पेनड्राइव्हच्या चिन्हावर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. तिथे ‘फाइल सिस्टीम’समोर फॅट३२ लिहिलेले दिसेल. फाइल आधी संगणकाच्या डिस्कवर उतरवून घ्या. मग पेनड्राइव्हवरचे जे काही जपायचे आहे ते दुसरीकडे काढून ठेवा, कारण फॉरमॅट करताना सगळे पुसले जाते, आणि तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून फाइल त्यावर कॉपी करा. हे चित्रीकरण शाळेच्या टीव्हीवर दाखवण्याचा विचार असेल, तर तो पेनड्राइव्ह टीव्हीला आधी लावून पाहा. काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत, आणि पालक येऊन बसल्यावर हे कळले तर फार पंचाईत होते. तशी वेळ आल्यास छायाचित्रकाराकडून चित्रीकरण दोन भागांत मागून घेणे सोपे पडेल.

प्रश्न : निवृत्तिवेतनाचे विवरणपत्र एका संकेतस्थळावरून डाउनलोड होते, पण उघडताना ‘फाइल खराब आहे’ असा संदेश येतो. पुण्याच्या मुलीला तीच लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली, तर तिच्याकडेही तेच. फाइल ९ केबीची दिसते. — एक ज्येष्ठ वाचक, नाशिक

उत्तर : मागच्या महिन्याचे जे विवरणपत्र आपल्याकडे नीट उघडते, त्याचा आकार याच्याशी ताडून पाहा. तो ९ केबीच्या कितीतरी पट भरला, तर या वेळी आपल्या हाती विवरणपत्र आलेलेच नाही, असे समजायला हरकत नाही. फाइलवर राइट-क्लिक करून ती नोटपॅडमध्ये उघडा. खरी पीडीएफ फाइल टक्क्याच्या चिन्हाने आणि लगेच पुढे ‘पीडीएफ’ या तीन रोमन अक्षरांनी सुरू होते. पहिल्याच ओळीत ‘एचटीएमएल’ ही अक्षरे दिसली, तर ते एक वेबपान आहे, आणि माझ्या अनुभवात अशा वेळी ते बहुधा लॉगिनचे पान असते.

असे होण्याचे कारण साधे आहे. आपण लॉगिन करता तेव्हा संकेतस्थळ आपल्या ब्राउझरमध्ये कुकी नावाची ओळखीची खूण ठेवते आणि ती ठरावीक वेळेपुरतीच चालते. सकाळी पान उघडून ठेवले, जेवण आटोपले आणि दुपारी बटण दाबले, की तोवर ती खूण बाद झालेली असते. सर्व्हर मग विवरणपत्राऐवजी ‘पुन्हा लॉगिन करा’ असे सांगणारे पान पाठवतो आणि तेच पान पीडीएफचे नाव घेऊन आपल्या फोल्डरमध्ये येऊन बसते. मुलीच्या फोनमध्ये तर ही खूण नव्हतीच. केवळ लिंक पाठवल्याने ती जात नाही. नव्याने लॉगिन करून त्याच बैठकीत विवरणपत्र उतरवून घ्या आणि मुलीला लिंकऐवजी ती फाइलच पाठवा.

याच्याशी मिळतीजुळती एक गफलत ई-आधारबाबत होते. ती पीडीएफ उघडत नाही म्हणून लोक पुन्हा पुन्हा डाउनलोड करतात. फाइल खराब नसते, तिला पासवर्ड असतो : नावातील पहिली चार रोमन अक्षरे कॅपिटलमध्ये आणि त्यापुढे जन्मवर्ष.

प्रश्न : मुलाच्या अभ्यासक्रमासाठी लागणारे अडीच जीबीचे सॉफ्टवेअर उतरवत आहोत. वीज गेली की वायफाय बंद पडते आणि डाउनलोड दर वेळी शून्यापासून सुरू होते. — एक पालक, रत्नागिरी

उत्तर : वीज आल्यावर आपण पानावरच्या लिंकवर पुन्हा क्लिक करत असाल, तर ब्राउझर त्याला नवे डाउनलोड समजतो. तसे न करता कंट्रोल आणि जे ही बटणे एकत्र दाबून डाउनलोडची यादी उघडा आणि तिथल्या अर्धवट नोंदीसमोरचे ‘रिझ्युम’ दाबा. ब्राउझर तेव्हा सर्व्हरकडे ‘अमुक बाइटपासून पुढचा भाग द्या’ अशी मागणी करतो. सर्व्हरला ही सोय असेल, तर तो २०६ या क्रमांकाचे उत्तर देऊन उरलेला भागच पाठवतो. नसेल, तर २०० क्रमांकाचे उत्तर देऊन पूर्ण फाइल पहिल्यापासून पाठवू लागतो, आणि त्यावर आपल्या बाजूने काही इलाज नसतो. काही लिंक काही तासांपुरत्याच चालतात. मुदत संपल्यावर ‘रिझ्युम’ दाबले तर नकार येतो आणि पुन्हा लॉगिन करून नवी लिंक घ्यावी लागते.

फोल्डरमध्ये ‘सीआरडाउनलोड’ किंवा फायरफॉक्समध्ये ‘पार्ट’ अशी शेवटची अक्षरे असलेली जी फाइल दिसते, ती कचरा समजून पुसू नका, कारण आतापर्यंत उतरलेला भाग तिच्यातच असतो. फायरफॉक्समध्ये तिच्या शेजारी मूळ नावाची शून्य बाइटची दुसरी फाइलही दिसते. तिच्यावरून काही हाती लागले नाही, असा समज करून घेऊ नका. मध्येच वायफायवरून मोबाइल डेटावर गेल्यास संगणकाचा पत्ता बदलतो आणि जोडणी तुटते, म्हणून जे वापरायचे ते सुरुवातीपासून वापरा. लॅपटॉपचे झाकणही मिटू नका. राउटरसाठी लहान यूपीएस मिळतो. आपल्या भागात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते, ते पाहता त्यावर खर्च करणे योग्य ठरेल.

प्रश्न : शासन निर्णयाची मराठी नावाची फाइल कार्यालयीन फोल्डरमध्ये जतन करताना ‘पथ खूप लांब आहे’ असा संदेश येतो. — एक लिपिक, लातूर

उत्तर : विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंतचा पूर्ण पथ सामान्यतः २६० वर्णांत बसावा लागतो, आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त हेही त्यात स्वतंत्र मोजले जातात. ‘निर्णय’ हा शब्द आपण तीन अक्षरांचा म्हणतो, पण संगणकासाठी तो सहा वर्णांचा आहे. फोल्डरात फोल्डर अशी सहा-सात पायऱ्यांची रचना असेल, तर मर्यादा सहज ओलांडली जाते. फाइल डी ड्राइव्हवरील एखाद्या लहान नावाच्या फोल्डरमध्ये उतरवा आणि जतन करतानाच तिला विषय व दिनांक एवढेच नाव द्या. पुढे ती लिनक्सच्या संगणकावर न्यायची असेल, तर नाव आणखी आटोपशीर ठेवा. तिथे एका नावाला सहसा २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो, म्हणजे जेमतेम ८५ वर्ण मावतात.