‘डॉक्टर होऊन पेशंटच तपासायचे नाहीत?’

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. घरी कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी आणि तूर. मुलगी सरकारी महाविद्यालयात एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. एमडी ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचनाशास्त्र, करून डोळ्यावर संशोधन करायचं, असं तिनं दिवाळीत घरी सांगितलं. आई लिहितात, ‘गावात सगळे म्हणतात पोरगी डोळ्याची डॉक्टरीण होणार. ती म्हणते, मी कॉलेजात शिकवणार. डॉक्टर होऊन पेशंटच तपासायचे नाहीत? तिचे बाबा म्हणतात, शरीर तर पुस्तकात सारं लिहून झालं, आता त्यात शोधायचं काय राहिलं? वरून शैक्षणिक कर्ज आहे. तिला अडवावं का?’

ताई, नमस्कार.

अडवू नका. ॲनाटॉमीकडे बरीच मुलं नाइलाजानं येतात. नीट-पीजीत, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रवेशपरीक्षेत, हवी ती शाखा मिळाली नाही, मग जे उरलं ते घेतलं, असं होतं. अशा विषयांच्या जागा दरवर्षी रिकाम्या राहतात. 2023 मध्ये तर नीट-पीजीची पात्रता शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणावी लागली होती. तुमची मुलगी परीक्षा देण्याआधीच, मनानं, हा विषय मागते आहे. अशी मुलं फार थोडी, आणि मला तिचं मनापासून कौतुक वाटतं.

तिच्या बाबांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी तोच घेतो. बुबुळासमोर जो पारदर्शक पडदा असतो त्याला कॉर्निया म्हणतात. त्याची मधली जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याचे पाच थर असतात, असं डॉक्टरांच्या पिढ्यान्‌पिढ्या शिकत आल्या. 2013 मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठातले प्राध्यापक हरमिंदर दुआ यांच्या गटानं दान केलेल्या डोळ्यांच्या कॉर्नियात हवा सोडून थर वेगळे केले आणि आणखी एक थर असल्याचं मांडलं. जाडी मिलिमीटरच्या दोन शतांशाहूनही कमी, पण हवेचा मोठा दाब सोसणारा. तो खरंच स्वतंत्र थर मानायचा का, यावर तज्ज्ञांत वाद झाला. मात्र कॉर्निया प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रियेत त्या माहितीचा उपयोग होतो आहे. आणि बाबांना हेही सांगा, की या दुआ सरांचं वैद्यकीय शिक्षण आपल्या नागपुरातलं. पुस्तकात सारं लिहून झालं असतं, तर हा थर 2013 पर्यंत वाट बघत थांबला नसता.

आता ‘पेशंट नाहीत’ याबद्दल. पहिल्या वर्षाच्या मुलांना मृतदेहावर डोळ्याची खोबण शिकवताना ती वरून, कवटीच्या आतून उघडतात. खोबणीचं छत अंड्याच्या टरफलासारखं पातळ. छिन्नीनं ते हलकेच फोडायचं, खालचं आवरण चिरायचं, मग चिमट्यानं चरबी कणाकणानं काढत जायचं. आधी दिसते कपाळाकडे जाणारी नस, तिच्याखाली पापणी उचलणारा स्नायू. आतल्या बाजूला चौथी मेंदूनस. ती इतकी बारीक, की घाईचा हात असेल तर चरबीबरोबर निघूनच जाते आणि मुलं म्हणतात, ‘मॅडम, आमच्या बॉडीत ती नव्हतीच.’ शेजारी बसून, पुन्हा दाखवून, हात सावकाश करायला लावणारी मॅडम हवी असते. त्याच मुलांतलं कुणी पुढे मोतीबिंदूच्या आजीबाईला डोळ्याजवळ भुलीचं इंजेक्शन देणार असतं. सुई कुठवर न्यायची आणि कुठे थांबायची, याची समज त्या टेबलावर तयार होते. वर्षाला शंभर-दीडशे मुलं अशी हाताखालून जातात, तेव्हा त्यांच्या सगळ्या पेशंटांत तिचा वाटा असतो.

संशोधनाचा संबंध तर थेट तुमच्या वावराशी आहे. तूर सोंगताना खुंट लागतो, मळणीचा भुसा डोळ्यात जातो, पऱ्हाटी उपटताना काडी बसते. जखम छोटी असते, पण झाडाच्या काडीबरोबर बुरशी आत जाते. माणूस दोन दिवस चोळत बसतो, मग मेडिकलमधून कुठलेतरी थेंब आणतो. त्या थेंबांत स्टेरॉइड असलं तर बुरशी आणखी पसरते. शेवटी डोळ्यात फूल पडतं आणि नजर जाते. कॉर्नियाची जखम कशी भरते, काही डाग पुसट होतात आणि काही कायमचे का राहतात, त्यात नसांचा वाटा किती, हे सगळे प्रश्न रचनेचे, म्हणजे तुमच्या मुलीच्या विषयाचेच आहेत. कास्तकाराच्या घरातली मुलगी ते विचारायला लागली, तर मला ते फार मोलाचं वाटतं.

तिला आयडा मान यांच्याबद्दल वाचायला सांगा. गर्भात डोळा कसा घडतो यावर या इंग्रज डॉक्टरबाईंनी मूलभूत काम केलं. ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झालेल्या सुरुवातीच्या स्त्रियांत त्यांचं नाव येतं. पुढे ऑस्ट्रेलियात जाऊन त्यांनी दुर्गम वस्त्यांमध्ये आदिवासींचे डोळे तपासले, खुपरीचा आजार किती पसरला आहे ते शोधलं. प्रयोगशाळा आणि गावखेडं एकाच आयुष्यात बसतं, ते असं.

रस्ता सांगतो. नीट-पीजीनंतर एमडी ॲनाटॉमी तीन वर्षं. स्टायपेंड मिळतो. पुढे सहायक प्राध्यापक, मग सहयोगी, मग प्राध्यापक. बढतीच्या प्रत्येक पायरीला अनुभवाची वर्षं आणि प्रसिद्ध झालेले शोधनिबंध लागतात. सरकारी महाविद्यालयांतली कायम भरती एमपीएससीतून होते, बाकी जागा कंत्राटी भरतात. नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया, शिवाय नागपूरचं एम्स, म्हणजे विदर्भात शिकवायला जागा आहेत. सेवाग्रामचं महाविद्यालय 1969 पासून ग्रामीण आरोग्याशी जोडलेलं आहे. तेही तिनं डोळ्यासमोर ठेवावं.

खरी मेख एमडीच्या प्रबंधात आहे. विभागातून हाती येईल तो विषय तिनं घेऊ नये. डोळ्याचाच घ्यावा, अगदी साध्या साधनांचा असला तरी चालेल. विभागात ठेवलेल्या कवट्यांवर खोबणीची आणि नसांच्या छिद्रांची मापं घेऊन चांगलं काम होतं, त्याला महागडं यंत्र लागत नाही. पण नुसत्या डिसेक्शन हॉलवर डोळ्याचं संशोधन उभं राहत नाही. मृतदेह टिकवायच्या फॉर्मलिनमधला डोळा आकसतो, कॉर्निया धुरकट होतो. ताजे ऊतक नेत्रपेढीतून मिळतात: प्रत्यारोपणाला न चालणारे कॉर्निया, नातेवाइकांच्या संमतीनं. म्हणून जिथे नेत्रविभाग आणि नेत्रपेढी जवळ आहे आणि गाइडला डोळ्यात रस आहे, असंच महाविद्यालय निवडावं. पुढे पीएचडी किंवा प्रकल्पासाठी हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थान आहे. पांढरकवडा-आदिलाबाद रस्त्यानं ते तुम्हाला मुंबईपेक्षा जवळ पडेल.

एक परीक्षा तिनं स्वतःची घ्यावी. इंटर्नशिपमध्ये नेत्रविभागाची पाळी असते. तिथे शस्त्रक्रिया बघताना हात शिवशिवले, तर सरळ एमएस नेत्रशल्य करावं. नेत्रतज्ज्ञही संशोधन करतात. ‘हे असं का घडलं’ हाच प्रश्न घरी येईपर्यंत डोक्यात राहिला, तर ॲनाटॉमी पक्की समजा. रक्त बघवत नाही किंवा रात्रपाळी नको, म्हणून मात्र हा विषय घेऊ नये.

पैशाचं लपवून ठेवत नाही. तालुक्याच्या गावी दवाखाना टाकलेला नेत्रतज्ज्ञ तिच्यापेक्षा पुष्कळ जास्त कमावेल. तिचा पगार नियमित असेल, घर नीट चालेल, पण गाडी-बंगला लवकर दिसणार नाही. पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिकं आहेत. बढतीच्या घाईत तिनं तिकडे वळू नये. मान्यतेच्या तपासणीपुरतं फक्त कागदावर नाव मागणाऱ्या खासगी महाविद्यालयालाही ठाम नकार द्यावा. आणि एमबीबीएसची नोंदणी तिच्याकडे कायम राहणार आहे. गावात कुणी ‘ही कसली डॉक्टर’ म्हणालं, तर एवढं सांगा की ती डॉक्टरच आहे आणि डॉक्टर घडवणार आहे.

कर्जासाठी आत्ताच बँकेत जा. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभरानं सुरू होतात. पुढे एमडी करणार म्हणून मुदत वाढवून मिळेल का, हे शाखा व्यवस्थापकाला लेखी विचारा. मधल्या काळात व्याज चढत राहतं, तेही मांडून घ्या. इंटर्नशिपनंतरची बाँडची, म्हणजे सरकारी महाविद्यालयात शिकल्याबद्दल करायची, एक वर्षाची नोकरी पगारी असते. तो पगार घरखर्चात न जिरवता कर्जाच्या व्याजाला लावा. त्या वर्षी प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं, तर काडी लागलेल्या डोळ्यांची वेगळी वही तिनं पहिल्या दिवसापासून ठेवावी: काय लागलं, किती दिवसांनी आले, आधी कोणते थेंब घातले. पेशंटचं नाव त्यात लिहू नये.