अमेरिकेच्या दक्षिणेकडची खेडवळ कुटुंबं रिॲलिटी शोमध्ये दिसतात तशीच असतात का?

नाही. माणसं खरी असतात, पण त्यांचं चित्र एडिटिंगच्या टेबलावर ठरतं.

लुईझियानातल्या रॉबर्टसन कुटुंबावरचा 'डक डायनॅस्टी' (2012–17) घ्या. पडद्यावर लांब दाढ्या आणि शिकारी कपडे. प्रत्यक्षात बदकांना साद घालायच्या शिट्ट्यांचा त्यांचा धंदा 1970च्या दशकापासून चालू होता आणि कुटुंबप्रमुख फिल पदव्युत्तर शिकलेले. मुलांचे शोआधीचे बिनदाढीचे फोटोही आहेत. म्हणजे या सोंगात कुटुंबाचाही वाटा होताच, त्यांना निव्वळ बळी समजू नका. 2013 मध्ये समलैंगिकांबद्दलच्या वक्तव्यांवरून फिल यांना वाहिनीने काही दिवस बाजूला केलं. ती वक्तव्यं मासिकाच्या मुलाखतीतली होती, एडिटिंगवर ढकलता येत नाहीत.

'हिअर कम्स हनी बू बू' या दुसऱ्या रिॲलिटी शोमध्ये तर अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या कुटुंबाच्या इंग्रजीखाली इंग्रजीच सबटायटल्स! हसायचं कुठे, हे तिथेच सांगून टाकलं.

पाहताना कान उघडे ठेवा. वाक्य चालू असताना कॅमेरा बोलणाऱ्यावरून कुत्र्यावर गेला आणि आवाजाची पट्टी बदलली, तर दोन वेगळी वाक्यं जोडलेली असण्याची शक्यता दाट. बॅन्जो (गावरान दक्षिणेची खूण म्हणून वाजवलं जाणारं तंतुवाद्य) वाजला की आवाज बंद करून तोच प्रसंग पुन्हा पाहा, बऱ्याचदा त्यात हसण्यासारखं काहीच उरत नाही.

आणि कोण दिसत नाही, तेही बघा. अशा गाजलेल्या शोंमधली कुटुंबं बहुतेक गोरी. दक्षिणेतल्याच मिसिसिपी राज्यात मात्र तिघांमागे एकाहून जास्त माणसं कृष्णवर्णीय आहेत.